काकांचं नाक आणि आठ सिलिंडर

धडधडकाका इंजिनाची तब्येत नाकाने तपासायचे. बॉनेट उघडायचं, गाडी सुरू करायची, हात पाठीमागे बांधायचे आणि डोळे मिटून उभं राहायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पंगतीआधी कुणी आमटीचा वास घेतंय. मग निकाल यायचा. "रिच झालीय. पेट्रोल जास्त, हवा कमी." किंवा, "लीन आहे आज. उपाशी ठेवलीय बिचारीला." मग कार्बुरेटरचे दोन स्क्रू किंचित, अगदी किंचित फिरवायचे, की ते आठ सिलिंडरचं धूड रडं थांबवलेल्या पोरासारखं एका लयीत यायचं.

काका मूळचे सांगलीचे. शिकायला अमेरिकेत आले, वूस्टरजवळच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर ही लाल गाडी घेतली. सत्तरच्या दशकातली, लांबलचक नाकाची, ज्यांना इथे मसल कार म्हणतात त्यातली. आमच्या श्रूजबरीच्या गल्लीत आता निम्म्या गाड्या विजेच्या, मांजरासारख्या येतात नि जातात. काकांची गाडी सुरू झाली की आमच्या कपाटातले काचेचे पेले किणकिणायचे. गल्लीतल्या मुलांनी त्यांना धडधडकाका केलं आणि मग आम्ही मोठेही तेच म्हणायला लागलो. सुमनकाकू गाडीला फक्त "ही बया" म्हणायच्या.

आता माझ्याबद्दल. मी नागपूरचा, आयटीतला, आणि भित्रा. स्मोक अलार्मची बॅटरी संपत आली म्हणून तो नुसता चिवचिवला, तरी मी पासपोर्टची पिशवी घेऊन अंगणात उभा असतो. माझी लेक खिडकीतून ओरडते, "बाबा, जस्ट चिल!" अशा माणसाला काकांच्या मृणालने, म्हणजे दूर दक्षिणेत अल्फारेटाला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, राखणीला बसवलं. "दादा, प्लीज बाबांवर लक्ष ठेव. त्या गॅरेजमध्ये एक दिवस काहीतरी होणार, आय जस्ट नो इट." मलाही अगदी तेच वाटत होतं. पेट्रोल, ठिणगी आणि सत्तरी ओलांडलेला हट्टी माणूस, हे तिन्ही एका खोलीत. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी मी काकांच्या गॅरेजमध्ये हजर.

काकांनी मला काम दिलं टायमिंग लाइट धरायचं. हा पिस्तुलासारखा दिवा. पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडली की तोही लखलखतो, आणि समोर गरागरा फिरणाऱ्या पुलीवरची पांढरी खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. ती खूण हवी त्या रेघेवर येईपर्यंत काका डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे. ठिणगी नेमकी कधी पडावी, हे त्याच्यावर. "ठिणगी म्हणजे पाहुणा रे," काका म्हणायचे. "पानं मांडायच्या आत आला तरी पंचाईत, सगळे हात धुऊन उठल्यावर आला तरी पंचाईत." माझं लक्ष पाहुण्याकडे नसायचंच. ते असायचं माझ्या बाहीपासून वीतभर अंतरावर फिरणाऱ्या पंख्याकडे.

"काका, वास येतोय."

"पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच येणार. अत्तराचा येईल का? दिवा सरळ धर, भित्र्या."

हे संभाषण दर शनिवारी व्हायचं. मला त्यात एक दिलासा होता. काकांचं नाक जागं आहे तोवर माझं घाबरणं फुकट जाणार, एवढी खात्री होती.

एका हिवाळ्यात दोघंही तापाने झोपली. काकू लवकर उठल्या, काकांना वेळ लागला. बरे होऊन गॅरेजमध्ये परतले, पण त्यांचं ते डोळे मिटून उभं राहणं बंद झालं. त्याऐवजी मला विचारू लागले, "काय वाटतं रे? रिच की लीन?" मी म्हणायचो, "जरा डोळे झोंबतायत." ते म्हणायचे, "बरोबर," आणि स्क्रू फिरवायचे. मला वाटलं, मला बढती मिळाली. घरी येऊन बायकोला सांगितलंही. ती म्हणाली, "ऑफिसात मिळाली असती तर बरं झालं असतं."

खंडेनवमीला काका गॅरेजमध्ये पाने-पक्कड मांडून पूजा करायचे आणि गाडीची पूजा चालू इंजिनावर. हा त्यांचा स्वतःचा नियम. "बंद पडलेल्या यंत्राला कसलं कुंकू? ते जिवंत असताना लाव." त्या वर्षी त्यांनी नुकताच कार्बुरेटर खोलून साफ केला होता, त्यामुळे आधी टायमिंग, मग पूजा असं ठरलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता म्हणून गॅरेजचं दार गुडघ्याएवढंच वर घेतलं होतं. उदबत्ती अजून पुड्यात होती. मी दिवा धरून वाकलेला, काका डिस्ट्रिब्युटरवर.

"काका, वास येतोय."

"अत्तराचा येईल का?"

"काका, आज जास्त येतोय."

"नवमीला तरी नको रे सुरू करूस." आणि आतल्या दाराकडे वळून, "सुमन, आण गं ताट!"

काकू जरीची साडी नेसून, दोन पायऱ्या उतरून आल्या. ताटात कुंकू, झेंडू आणि पेटलेलं निरांजन. त्या गाडीकडे येत होत्या आणि माझी नजर कार्बुरेटरच्या बुडाशी गेली. तिथे गरम लोखंडावर काहीतरी चकाकत होतं, पसरत होतं, कडेवरून थेंब थेंब खाली जात होतं. मला ओरडायचं होतं. घशातून आवाज निघाला नाही. भित्र्या माणसाची हीच गंमत, आयुष्यभर उगाच ओरडतो आणि वेळेला वाचा बसते. मी दिवा टाकला, काकूंसमोर झेपावलो आणि फूं करून निरांजन विझवलं.

"अरे सुहास! सणाचं निरांजन विझवलंस?" काकूंचा चेहरा पांढरा पडला.

मी नुसतं बोट दाखवलं. काकांनी तिकडे पाहिलं. मग ते वळसा घालून गेले, किल्ली फिरवली, आणि मी दार पूर्ण वर घेतलं. धडधड थांबली. थेंबांचा आवाज तेवढा राहिला. कार्बुरेटरच्या आतला पेला भरला की पेट्रोल बंद करणारी एक बारीक सुई असते. तिच्यात कचरा अडकला होता आणि पेला भरून वाहत होता.

काका पायरीवर बसले. "मला आलाच नाही रे वास," ते म्हणाले. "कसलाच येत नाही. त्या तापापासून." मग खालच्या आवाजात, "हिला बोलू नकोस."

काकू तिथेच उभ्या होत्या, ताट हातात. "मला काय सांगायचंय? मार्चमध्ये कांदा जळून कोळसा झाला, घरभर धूर, आणि तुम्ही आत येऊन म्हणालात, 'वा, भजी का?' तेव्हाच कळलं. म्हटलं, सांगतील आपणहून." काका हसायला गेले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कित्येक महिने हा माणूस पेट्रोलशेजारी आंधळ्यासारखा उभा होता, आणि मी त्याच्या नाकाच्या भरवशावर घरी जाऊन झोपत होतो.

मृणालला काकांनी स्वतःच फोन केला. तिकडून बराच वेळ नुसतं रडणं. हिवाळ्याच्या आत घर आणि गाडी विकून अल्फारेटाला जायचं ठरलं. काका भांडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांनी एवढंच मागितलं, की गाडी देण्याआधी नवी सुई घालून तिला एकदा नीट लयीत आणायची. "आणि या वेळी दिवा मी धरणार," म्हणाले. "फिरवायचं तू."

दार उघडं, अग्निशामक नळकांडं पायाशी, आणि डिस्ट्रिब्युटरवर माझा हात. हात थरथरत होता. "थरथरू दे," काका म्हणाले. "खूण बघ, ती थरथरते का?" ती थरथरत नव्हती. रेघेवर येऊन थांबली. मग स्क्रू, किंचित आत, किंचित बाहेर, आणि गाडी एका लयीत धडधडू लागली.

"वास?" त्यांनी विचारलं.

मी इंजिनाभोवती दोनदा फिरलो. खाली वाकलो, टाकीपाशी गेलो, परत आलो. "ठीक आहे."

"नक्की?"

इतकी वर्षं मी प्रत्येक गोष्टीला धोका म्हणत आलो होतो. धोका नाही, असं म्हणायची वेळ आली तेव्हा कळलं, हे किती अवघड आहे. "नक्की," मी म्हणालो.

काकांनी बॉनेट लावलं आणि आत हाक मारली, "सुमन, चल, चक्कर मारून येऊ." आयुष्यात कधी त्या गाडीत न बसलेल्या काकू शाल घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. गाडी चढ चढून तलावाच्या बाजूला वळली. आवाज बारीक होत गेला, मग गेलाच. मी ड्राइव्हवेत उभा. बायकोने चहाला बोलावलं, लेकीने दोनदा. मी हललो नाही. काय काय तपासायचं राहिलं, ते एकेक आठवत होतो.

आवाज परत आला तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. गाडी समोर येऊन थांबली. काकूंच्या केसांची पार वाट लागली होती आणि त्या हसत होत्या. मी सरळ बॉनेटपाशी गेलो आणि वाकून वास घेत राहिलो. माझं होईपर्यंत दोघंही आतच बसून राहिली.