फोटोत न आलेले देश

भोरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंशी माझं एकदाही पटलेलं नाही. तरी आमच्या तालुक्यात ताठ कण्याचं माणूस दाखवा म्हटलं, तर मी त्यांच्याकडंच बोट दाखवीन. गरीब देश गरीबच राहतात असं सांगणारी पत्रकं मी वाटतो; वेल्ह्याच्या एसटीत त्या ती पेन्सिलीनं खोडतात आणि विचारतात, "कुठल्या देशांवरनं म्हणता हो हे?"

त्यांची नोकरी तासांवरची. दर वर्षी संस्थेनं बोलावलं तर खरी.

परवा कॉलेजात पुण्याचे बडे पाहुणे आले. गेल्या शंभर वर्षांत गरीब देश श्रीमंतांच्या बरोबरीला आले, असा आलेख त्यांनी दाखवला. पहिल्या रांगेतले संस्थाचालक टाळ्या वाजवत असतानाच बाई उठल्या.

"आम्ही मुलांना राजगडावर नेलं होतं, साहेब. बालेकिल्ल्यावरच्या फोटोत सगळे एकाच उंचीवर दिसतात. पण धापा टाकत पायथ्याशी बसलेले फोटोत कुठं आहेत? तुम्ही आज श्रीमंत असलेलेच देश निवडलेत. ते बरोबरीला आलेले दिसणारच!"

संस्थाचालकांनी मागं वळून बाईंकडं रोखून पाहिलं. माझ्या शेजारचा शिपाई पुटपुटला, "गेलं बाईंचं तास!"

मी मागच्या रांगेतनं उठून ओरडलो, "शाब्बास बाई!"

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्रकात नुसते पायथ्याचेच आहेत."

सगळे हसले. हसू देत. यंदा बाईंना तास दिले नाहीत, तर कॉलेजच्या फाटकात मी पत्रकं वाटणार आहे. मजकूर मात्र आधी त्यांना दाखवीन.