लिंबायतमधली बिनआवाजाची बैठक

नव्वदच्या दशकात आम्ही समुपदेशक लिंबायतला, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, कुटुंबांच्या बैठका घ्यायचो. घरातली घुसमट आजारापर्यंत जाऊ नये म्हणून नवरा-बायकोनं मनातलं मोठ्यानं बोलावं, ही आम्ही शिकून आलेली पद्धत. पण एवढ्याशा खोलीत, शेजारपाजारच्यांसमोर कोण बोलणार? सगळे गप्प बसायचे आणि मी चिडायचे.

एकदा वैतागून मी एकाला म्हटलं, "दादा, निदान वहिनींना तरी सांगा!" तो खानदेशातून आलेला, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा. बायकोही त्याच कारखान्यात बॉबिनवर धागा भरायची. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. लूमच्या खडखडाटात सगळे असंच बोलतात, हे मला ठाऊक होतं. पण मनातलंही असं बोलता येतं? तिनंही तसंच उत्तर दिलं. तिचे डोळे भरून आले होते.

मी थक्क होऊन बघत राहिले. मग आजूबाजूला नजर गेली. बाकीचेही लूमवरचेच, ओठ वाचता येणारे. प्रत्येकानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्या दोघांकडे टक लावून बसलेली मी एकटीच होते, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

पुढच्या बैठकीत मीही भिंतीकडे तोंड करून बसले.