सासूबाईंची संकष्टी आणि पूर्वेची खोली

मंडळी, आज जीव भांड्यात पडला!

ओसाकाहून सासूबाईंना घेऊन ऑलिव्हच्या बागांसाठी प्रसिद्ध बेटावर गाइडेड टूरला आलेय. समुद्रकिनारा झाला, ओसाकाच्या किल्ल्यासाठी दगड काढायची जुनी खाणही बघून झाली. मी आधीच दहा ईमेल केल्यामुळे दुपारच्या जेवणाला आमच्या गाइडबाईंनी, मोरीसाननी, सासूबाईंसाठी बिनमाशांच्या रस्स्यातल्या शेवया खास करवून घेतल्या होत्या.

वाडगा समोर आला आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज संकष्टी ना!"

मला दरदरून घाम फुटला. इथे मुद्दाम केलेलं जेवण नाकारायचं? मान खाली घालून सांगितलं, "चंद्र दिसल्याशिवाय त्या जेवत नाहीत. फार तर रताळं चालतं."

मोरीसान तडक उठून बाहेर गेल्या. म्हटलं, झालं, चिडल्या!

परतल्या त्या गरम भाजलेलं रताळं घेऊन. म्हणाल्या, "शेवया रात्रीसाठी बांधून देते. पण तुमची खोली पश्चिमेला आहे, चंद्र उगवताना दिसणार नाही. हॉटेलला सांगून पूर्वेची करून घेतलीय."

आत्ता त्याच खोलीच्या खिडकीत आम्ही दोघी चंद्राची वाट बघत बसलोय.

खरं सांगा, पाहुण्यांना खोली देताना चंद्र कुठून दिसेल, हे तुमच्यापैकी कुणी कधी बघितलंय?