फिटरकाका सेठ झाले

दारात कुणी उभं राहिलं की फिटरकाका आधी म्हणायचे, "पैशाचं सोडून बोल." चपला काढायच्या आधी, पाण्याचं विचारायच्या आधी. मी एम.ए. झाल्याचे पेढे घेऊन गेले, तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं. मी डबा पुढे केला, तर तो नोकराच्या हातात देत त्यांनी मला विचारलं, डबा परत पाहिजे का. त्या दिवशी मला त्यांच्या श्रीमंतीचा जो वीट आला, तो आजवर गेलेला नाही.

हेच काका पूर्वी जबलपूरच्याच कडेला, रांझीला, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. ते आणि माझे बाबा फॅक्टरीत एकाच सेक्शनला. दोघांचेही आईवडील भंडाऱ्याकडून जबलपूरला आलेले. सकाळी भोंगा वाजला की दोघांच्या सायकली बरोबरच बाहेर पडायच्या. फॅक्टरीत फिटर असलेले काका संध्याकाळी सगळ्या गल्लीचे फिटर असत. कुणाचा कुकर, कुणाचं शिलाई मशीन, बुद्धविहारातला पंखा. पैसे विचारले की रागवायचे. "अर्धा कप चहा पाज, बस," एवढंच त्यांचं बिल. मला सायकल त्यांनीच शिकवली. मागे कॅरिअर धरून पळता पळता केव्हाच सोडून द्यायचे आणि लांबून ओरडायचे, "मी धरून राहिलो ना!" ते खोटं आहे हे कळायचं, तरी धीर यायचा. असा माणूस होता तो. म्हणूनच पुढचं सांगताना माझी जीभ जरा जास्त कडू होते.

पनागरच्या बाजूला त्यांनी थोडी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे काकू मटार लावायच्या आणि हिवाळ्यात आमच्याकडे पिशवी भरून यायची. मग त्या बाजूने नवा मोठा रस्ता गेला, कॉलन्या बांधणारे गाड्या घेऊन घिरट्या घालू लागले आणि एका हिवाळ्यात मटार ऐन फुलावर असताना काकांनी जमीन विकली. किती मिळाले ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण त्यांनी नोकरी सोडली आणि शेवटच्या दिवशी गेटबाहेर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता फिटर म्हणू नको बे. लोक ऐकतात."

शहरातल्या नव्या कॉलनीत त्यांनी बंगला बांधला. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, दिवाणखान्यात कारंजं, आणि सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नाही. आजूबाजूचे लोक त्यांना सेठजी म्हणत. काका आता कुणाला जयभीम घालत नसत. पुटपुटल्यासारखं "नमस्कार जी" म्हणत, कारण शेजाऱ्यांना आपण कोण, कुठले हे कळायला नको होतं. बाबासाहेबांचा फोटो बैठकीतून जिन्याखालच्या खोलीत गेला होता. घरात मराठी बंद. काकू एकदा आईला म्हणाल्या, "माझ्याशी पण हिंदीत बोलून राहिले हे. जशी मी पाहुणी आहे."

एकदा मी गेले असताना त्यांच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. खाली बादली लावलेली. मी म्हटलं, काका, नुसता वायसर तर बदलायचा आहे. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "माहीत आहे मला. पण या घरात मी पाना धरला तर हे नोकरचाकर काय समजतील?" मिस्त्री येईपर्यंत तो नळ कित्येक दिवस तसाच गळत होता, आणि गळका नळ ऐकत माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला फिटर सोफ्याच्या प्लास्टिकवर बसून होता. मला हसू आलं नाही. किळस आली.

मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली, त्यात हिंदीत छापलेली वेगळी चिठ्ठी होती. रांझीवाल्यांचं जेवण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आई म्हणाली, जायचं नाही. बाबा म्हणाले, पोरगी आपल्या अंगाखांद्यावर वाढली आहे, जाऊ. गल्लीने मिळून एक बस केली. सगळे ठेवणीतले कपडे घालून गेलो. मंडप उतरवून झाला होता. गाड्या उभ्या करायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या आणि आदल्या दिवशीचं उरलेलं गरम करून ठेवलं होतं. भाजी आंबल्याचा वास येत होता. नवरी केव्हाच सासरी गेली होती. काका वरच्या गच्चीत उभे राहून हात हलवत होते. खाली आले नाहीत. बाबांनी मान खाली घालून भात खाल्ला.

काकूंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. बायकांचे आवाज ऐकून त्या बाहेर आल्या. आईच्या ताटाकडे त्यांनी पाहिलं, ताट उचलून वास घेतला आणि आईशेजारच्या खुर्चीवर बसून त्याच ताटातलं जेवायला लागल्या. काकांनी वरून खूण केली, मग नोकर पाठवला, मग स्वतः हाक मारली, तीही हिंदीत. काकूंनी मराठीत उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जेवून राहिली ना मी. माझ्या घरच्या लोकांसोबत." आम्ही निघालो तेव्हा काकूही बसमध्ये चढल्या. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

त्यांनी आमच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि शिलाईकाम सुरू केलं. काका कॉलनीत सांगत, मिसेसना डॉक्टरांनी हवापालट सांगितला आहे. जबलपूरहून रांझीला हवापालट! दर रविवारी त्यांची मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची आणि ड्रायव्हर काकूंना बोलवायला यायचा. काकू त्याला चहा द्यायच्या आणि सांगायच्या, साहेबांना म्हणा, पायी या. ड्रायव्हर निरोप न्यायचा. गाडी तासभर काचा वर करून उभी राहायची आणि निघून जायची. एकदा मी काचेवर टकटक केलं. म्हटलं, काका, चला ना, मी आहे सोबत. काच थोडी खाली आली. ते कितीतरी वर्षांनी माझ्याशी रांझीच्या जुन्या मराठीत बोलले. "कसा येऊ? सारे पाहून राहिले." मी वळून पाहिलं. गल्लीत कुणीच पाहत नव्हतं. बायका पापड वाळत घालत होत्या, बाबा सायकल पुसत होते. ते मी त्यांना सांगितलं. काच वर गेली.

आई म्हणते, त्यांची कीव करावी. मी प्रयत्न केला, जमलं नाही. उतरायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

ते त्या बंगल्यातच गेले, झोपेत. नोकराने सकाळी पाहिलं. काकू तिकडे गेल्या, भंतेजींना बोलावून सगळं रीतीने केलं आणि मुलगी-जावई थांबा म्हणत असताना रांझीच्या बसने परत आल्या. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर बसल्या. आईने हळूच विचारलं, रडलात का.

"रडली ना," काकू म्हणाल्या. "लय रडली. पण या सेठजीसाठी रडून राहिली का आपल्या फिटरसाठी, तेच समजत नव्हतं."