कोब्यावरचं ड्रॉइंग

मिरजगावात हायवेला लागून आमचं वेल्डिंगचं शेड आहे. वडील तिथं शेतीची अवजारं बनवतात. त्यांची पद्धत अशी, की यंत्र आधी खडूनं कोब्यावर पुऱ्या मापात काढायचं आणि ते बनून बाहेर जाईपर्यंत तिथं झाडू फिरवायचा नाही. आमचं कुत्रंसुद्धा त्या रेघांना वळसा घालून जायचं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी कॉम्प्युटरसकट शेडमध्ये बसले, तर मला काम मिळालं कोटेशनं टाइप करायचं. अशी चीड यायची! माझ्या ड्रॉइंगवरून लोखंड कापलेलं मला बघायचं होतं, बस्स.

हरभऱ्याच्या पेरणी यंत्राची ऑर्डर आली. वडिलांनी ते कोब्यावर काढलं, मी स्क्रीनवर. मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवायला बोलावलं. त्यांनी माउस धरून यंत्राचा एक फण, म्हणजे मातीत रुतणारा दाता, ओढला आणि सगळी फ्रेम वाऱ्यात सापडलेल्या मांडवासारखी आडवी झाली.

"लोखंड आसं हालत न्हाई, बाई," म्हणाले आणि चहाला गेले.

रेघा नुसत्या काढल्या होत्या, एकमेकींशी बांधल्या नव्हत्या. मग बसले बांधत. फण सगळे समांतर, मधला बरोबर मध्यरेषेवर, दोन फणांतलं अंतर सगळीकडे सारखं, आणि ते किती हे एकाच ठिकाणी लिहिलेलं. बांधली गेली की निळी रेघ काळी व्हायची. उत्साहात एक माप जास्तीचं घातलं, तर रेघा लाल होऊन भांडायलाच उठल्या. बंधन जास्त झालं की तिथं निदान कळतं तरी. आमच्या घरात ती सोय नव्हती.

खंडेनवमीला आईनं हत्यारांच्या पूजेसाठी शेड धुऊन काढलं. कोब्यासकट. वडील आले तोवर पेरणी यंत्र गटारीला लागलं होतं.

"आगं, यंत्र हुतं ना तिथं!"

"व्हय? मला वाटलं, घाण हाय."

मला हसू आवरेना. वडील तणतणत माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माउस उचलला. आईनं त्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावू नका," मी म्हणाले.

"ह्ये कुठं हत्यार हाय," वडील म्हणाले.

ते मला लागलं. त्यांनी एक फण ओढला, मग दुसरा, मग फ्रेमचा कोपरा. ड्रॉइंग ढिम्म. मी अंतराचा आकडा तेवढा वाढवला. सगळे फण सारखे सरकले, मधला जागचा हलला नाही. वडील उठून गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते खडू घेऊन आले. "मापं सांग."

पुन्हा खडूच! मी स्क्रीनवर बघून धुसफुसत मापं सांगत गेले, ते गुडघ्यांवर बसून काढत गेले. तेवढ्यात आई झाडू घेऊन आली.

"हितं झाडू न्हाई," वडील मान वर न करता म्हणाले. "पोरीचं ड्रॉइंग हाय."

आई वळसा घालून गेली. मागोमाग कुत्रंही.