धोडपच्या दरवाजातलं वळण

रेलिंगचा पहिलाच तुकडा धोडप किल्ल्याच्या दरवाजात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. चार माणसं घामाघूम झाली होती आणि मापं मी स्वतः घेतलेली होती.

मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये साइट इंजिनिअर आहे. धोडपच्या माथ्याखाली कातळाला बिलगून एक अरुंद वाट जाते, खाली सरळ दरी. वाटेच्या टोकाला गुहेत देवी. नवरात्रात गावच्या बायका तिथूनच जातात. म्हाताऱ्यांनी मात्र भीतीपोटी जाणं सोडलं होतं. घटस्थापनेआधी तिथे रेलिंग हवं होतं. हातात सहा दिवस होते.

दरवाजाची रुंदी मोजली होती, उंची मोजली होती. पण हा दरवाजा कातळात कोरलेला, आत शिरताच काटकोनात वळतो. शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून. शत्रू अडले की नाही ठाऊक नाही, मी अडलो.

साहेबांना फोन लावला.

"तुकडे करा, वर वेल्डिंग करा."

"सर, वर लाइट नाही."

"मग यंदा दोरी बांधा. रेलिंग पुढच्या वर्षी बघू."

ओझी वाहायला आलेल्या लीलाबाई शेजारी पाणी पीत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मांडवाचे बांबू आम्ही खालीच कापून आणतो. आख्खा बांबू हितून जात नाय."

"किती लांब कापता?"

"सासूनं माप दिलेलं हाय. गुहेत मागल्या वर्षीचे बांबू पडलेत, घ्या की मोजून."

एक बांबू आणून फिरवला. वळणातून अलगद गेला. मला तिथेच त्यांचे पाय धरावेसे वाटले.

गावात वीज होती. त्या बांबूच्या मापाने रेलिंगचे सगळे पाइप तिथेच कापले. सातपूरहून स्लीव्ह मागवल्या, म्हणजे दोन पाइपांच्या सांध्यावर चढणारी नळी. वर नेऊन नट-बोल्ट आवळले. वेल्डिंग लागलंच नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी काम संपलं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई सासूला घेऊन आल्या. नऊ वर्षांनी म्हातारी त्या वाटेवर आली होती. एक हात रेलिंगवर, एक सुनेच्या खांद्यावर. त्या दर्शन घेऊन परतल्यावर मी मोठ्या आशेने विचारलं, "आजी, कसं झालंय रेलिंग?"

"लय उंच केलंय, बाबा. खांदा दुखला." मग डोळे पुसत म्हणाल्या, "पर देवी दिसली."

मी वाकून नमस्कार केला. या सासू-सुनेमुळे माझी लाज राहिली, हे मी ऑफिसातही सांगितलं.

पुढच्या साइटवर रेलिंगची उंची ठरवायची होती. मी टेप खिशातच ठेवली आणि आधी गावातल्या आजींना बोलावून घेतलं.