वेढा कुठे सुटतो

वाशीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात दीक्षा खिल्लारेने विभागप्रमुख नंदकिशोर सरांची किंमत ठरवली, आणि पुढे सात वर्षं ती बदलली नाही. सरांनी वीस वर्षांत एकही शोधनिबंध लिहिला नव्हता. नोट्स पिवळ्या पडलेल्या, विनोद त्याहून जुने. ‘शुद्ध अवस्था’ हे शब्द मात्र ते पानात तूप वाढल्यासारखे उच्चारत.

दीक्षाचे वडील बाजीराव रबाळ्याच्या कारखान्यात भट्टीवर होते. जगापासून तुटलेली, शुद्ध अवस्थेतली व्यवस्था पुस्तकातच असते, हे तिला कुणी शिकवायची गरज पडली नाही. खरी व्यवस्था भोवतालाशी उष्णता देते-घेते, तिची अवस्था मिश्र होते. त्या सरमिसळीत काही टिकतं का, हाच तिचा विषय. वर्गात ती सांगे, “खांबाला दोरीचा एक वेढा घाला. ओढा, सैल करा, वेढा एकच राहतो, पाऊण होत नाही. क्वांटम व्यवस्थेतही असे वेढे मोजता येतात.”

“मिश्र अवस्थेत कसले वेढे?” सर स्टाफरूममध्ये म्हणाले. “तापवलं की हळूहळू सगळं विरघळतं. शुद्ध ते शुद्ध, मॅडम.”

बाकीचे हसले. दीक्षाने चहा संपवला. हा माणूस डॉक्टरेट घेऊन अडाणी राहिला, असं तिच्या मनात आलं.

कितीही तापवलं तरी वेढा टिकतो, असा निबंध तिने लिहायला घेतला. आकडेमोड एमएस्सीच्या अक्षताकडे होती.

“मॅडम, एका तापमानापुढे वेढ्यांचा आकडा शून्य येतोय.”

“तुझंच काहीतरी चुकलंय. परत कर.”

अक्षताने तीनदा केलं. शेवटी सीवूड्सच्या घरी रविवारभर दीक्षा स्वतः बसली. शून्यच आलं. तेवढ्या तापमानापर्यंत तिने कधी तपासलंच नव्हतं. सर म्हणतात ते तपासायचं कशाला, एवढाच तिचा हिशेब होता. चुकीपेक्षा तिला जास्त झोंबलं ते सर बरोबर निघाल्याचं, आणि तेही काडीचं काम न करता.

सोमवारी तिने अक्षताला सांगितलं, “तुझं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं.”

विभागाच्या सेमिनारमध्ये तिने आलेख दाखवला. एका ठरावीक तापमानापर्यंत पूर्ण एक वेढा, पुढे एकदम शून्य.

सर खुर्चीत रेलले. “म्हणजे मी म्हणालो तेच.”

“तुम्ही हळूहळू म्हणाला होतात, सर. हे हळूहळू जात नाही. कुठे जातं तेही तुम्ही सांगितलं नव्हतं. ते अक्षताने काढलं.”

सुधारलेला निबंध छापून आला, पहिलं नाव अक्षताचं. सरांनी दीक्षाला व्हरांड्यात गाठलं. “आभारात आमचा उल्लेख राहिला वाटतं.”

“कशाबद्दल करायचा होता, सर?” दीक्षाने विचारलं, आणि ती खरंच उत्तरासाठी थांबली.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि लेक्चर आहे म्हणून निघून गेले. त्या तासाला त्यांचं लेक्चर नव्हतं.